ताऱ्यातल्या अभिक्रियेचा दर कोणी मोजला?

साशंक : ताऱ्यांच्या आयुष्याविषयी लिहिणारे लोक केंद्रकीय अभिक्रियांचे दर इतक्या सहजपणे सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हे सगळं प्रयोगशाळेत मोजून झालेलं आहे. माझी हरकत इथूनच सुरू होते. सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी केल्विन. आकडा मोठा वाटतो, पण त्या तापमानाला कणाच्या वाट्याला येणारी ऊर्जा जेमतेम १.३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे १.३ केईव्ही. दोन प्रोटॉनांमधल्या प्रतिकर्षणाची भिंत मात्र शेकडो केईव्ही उंच. ती चढून जाणं अशक्यच. पुंजयामिकीच्या नियमांमुळे एखादा कण तिच्यातून आरपार जातो, पण फार क्वचित, आणि ऊर्जा कमी करत गेलं की ही शक्यता भयंकर वेगाने घसरते. म्हणून प्रयोग करणारे जास्त ऊर्जेला मोजतात आणि मिळालेली रेषा ताऱ्याच्या ऊर्जेपर्यंत खाली ओढून नेतात. याला मी मोजमाप म्हणणार नाही. मोजमाप काय असतं ते इटलीत ग्रान सास्सोच्या डोंगराखाली दिसलं. डोक्यावर १४०० मीटर खडक, त्यामुळे वैश्विक किरणांचा उपद्रव दहा लाखपटीने कमी. तिथे लूना या प्रयोगाने दोन हेलियम-३ केंद्रकांची अभिक्रिया १६.५ केईव्हीपर्यंत खाली जाऊन, म्हणजे सूर्यात ती ज्या मोजक्या जास्त वेगवान कणांमुळे घडते त्यांच्याच ऊर्जेला मोजली. १९९९ मध्ये तो निकाल आला. सगळ्यात खालच्या बिंदूला महिन्याकाठी सुमारे दोन घटना मिळत होत्या. दोनच, पण त्या त्याच अभिक्रियेच्या होत्या आणि त्याच ऊर्जेच्या होत्या. ज्याचा दावा करायचा तेच मोजायचं, ही कसोटी मी सगळ्यांना लावतो.

उत्साही : लूनाच्या कामापुढे मीही हात जोडतो. पण तुमची कसोटी सूर्यालाच लावून पाहा. सूर्याची पहिली अभिक्रिया म्हणजे दोन प्रोटॉनांचं ड्यूटेरियममध्ये रूपांतर. सूर्याच्या गाभ्यातल्या एका प्रोटॉनला त्यासाठी सरासरी हजार कोटी वर्षांच्या घरात वाट पाहावी लागते. ही अभिक्रिया आजवर कुठल्याही प्रयोगशाळेत मोजली गेलेली नाही, मोजता येण्यासारखीही नाही. तिचा दर सिद्धांतातून काढलेला आहे, आणि त्या सिद्धांतातले आकडे न्यूट्रॉनचा ऱ्हास, ट्रिटियमचा ऱ्हास अशा वेगळ्याच प्रयोगांतून आले आहेत. तरीही २०१४ मध्ये बोरेक्सिनो प्रयोगाने याच अभिक्रियेतून निघालेले न्यूट्रिनो पकडले तेव्हा हिशेब जुळला.

दुसरं उदाहरण कार्बनचं. तीन हेलियम केंद्रकं मिळून एक कार्बन-१२ होतं. तीन शलाका एका बिंदूवर आणून ही अभिक्रिया घडवणारा त्वरक कोणी बांधलेला नाही. १९५३ मध्ये फ्रेड हॉइल कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकला गेले आणि म्हणाले की विश्वात एवढा कार्बन आहे तर कार्बन-१२ च्या केंद्रकात सुमारे ७.७ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेला एक पातळी असलीच पाहिजे. (हेच हॉइल पुढे केंब्रिजला जयंत नारळीकरांचे मार्गदर्शक झाले, म्हणून मराठी वाचकाला हे नाव परकं नाही.) वॉर्ड व्हेलिंग यांच्या गटाने शोध घेतला आणि पातळी ७.६५ एमईव्हीला सापडली. पण ती तीन हेलियममधून बनते हे कसं ठरवायचं? विल्यम फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये उलटा रस्ता धरला. बोरॉन-१२ च्या बीटा ऱ्हासातून कार्बनची ती पातळी तयार होते, आणि ती तीन अल्फा कणांत, म्हणजे हेलियम केंद्रकांत, फुटते हे त्यांनी पाहिलं. फुटते तर बनूही शकते. आपल्या शरीरातल्या कार्बनचा हिशेब आजही या उलट्या रस्त्यावरच उभा आहे. तुमची कसोटी काटेकोरपणे लावली तर सूर्याचा पहिला टप्पाही गेला आणि कार्बनही गेला.

साशंक : या दोन्ही उदाहरणांशी माझं भांडण नाही, आणि का नाही ते सांगतो. विहिरीत दगड टाकून पाण्यावर आपटल्याचा आवाज किती वेळाने आला त्यावरून खोली काढता येते. दोर न सोडता काढलेली ती खोली मी मान्य करतो, कारण दगड कसा पडतो आणि आवाज किती वेगाने येतो हे दोन्ही मला स्वतंत्रपणे माहीत आहे. हॉइल पातळीचं तसंच आहे. एकच अरुंद अनुस्पंदन, म्हणजे अभिक्रिया एकदम उसळते अशी पातळी; त्याची ऊर्जा किती आणि ते गॅमा किरण सोडून स्थिर कार्बनमध्ये किती वेळा उतरतं, असे मोजके आकडे मिळाले की दर ठरतो. प्रत्येक आकडा वेगळा मोजता येतो.

तरी तिथेही निश्चिंत होऊ नका. ही पातळी दहा हजारांत जेमतेम चार वेळा टिकाऊ कार्बन देते, एरवी पुन्हा तीन हेलियममध्ये फुटते. १९७० च्या दशकापासून स्थिर समजला जाणारा हा आकडा २०२० मध्ये एका मोजमापाने जवळपास दीडपट करून दाखवला. नंतरची मोजमापं जुन्या आकड्याच्या बाजूने गेली म्हणून वादळ शमलं. इतक्या सोप्या प्रकरणात ही गत. आता अशा पद्धती घ्या जिथे तुम्ही अभिक्रियेचा एकही घटक मोजत नाही. एक पूर्ण वेगळी अभिक्रिया मोजता, आणि एका सिद्धांताच्या चाळणीतून ती हव्या त्या अभिक्रियेत रूपांतरित करता. तिथे दगडही तुमचा नाही आणि विहीरही तुमची नाही. माझा संशय या रूपांतरावर आहे, विशेषतः ट्रोजन हॉर्स म्हणवल्या जाणाऱ्या पद्धतीवर.

उत्साही : मग ती पद्धत आधी नीट समोर ठेवू, कारण तिच्यावर टीका करणारे पुष्कळदा तिची खुबी सांगतच नाहीत. ट्रॉयच्या तटबंदीतून ग्रीक सैनिक लाकडी घोड्याच्या पोटात बसून आत गेले, ती कथा सर्वांना माहीत आहे. गेरहार्ड बाऊर यांनी १९८६ मध्ये असं सुचवलं की ज्या केंद्रकाला भिंतीपलीकडे न्यायचं आहे त्याला एका मोठ्या केंद्रकात बसवून न्यावं. सिसिलीतल्या कातानियाच्या प्रयोगशाळेत क्लाउडिओ स्पितालेरी यांच्या गटाने ती कल्पना प्रत्यक्षात आणली.

कार्बन-कार्बन अभिक्रियेचं उदाहरण घ्या. दोन कार्बन-१२ एकमेकांवर संथपणे आदळले तर भिंत त्यांना परतवते. म्हणून तिथे नायट्रोजन-१४ ची ३० एमईव्हीची शलाका वापरली. नायट्रोजन-१४ म्हणजे कार्बन-१२ अधिक एक ड्यूटेरॉन (ड्यूटेरियमचं केंद्रक) असं मानता येतं. एवढ्या ऊर्जेला नायट्रोजन भिंत सहज ओलांडतो. पलीकडे गेल्यावर त्याच्यातला कार्बन लक्ष्यातल्या कार्बनशी अभिक्रिया करतो आणि ड्यूटेरॉन त्यात भाग न घेता, नुसता प्रेक्षक राहून, पुढे निघून जातो. शलाकेची ऊर्जा नायट्रोजन फोडण्यात खर्च होते, त्यामुळे आतल्या दोन कार्बनांमधली सापेक्ष ऊर्जा ताऱ्यातल्याइतकी कमी असू शकते. बाहेर पडलेला ड्यूटेरॉन आणि अल्फा कण किंवा प्रोटॉन एकत्र टिपले की आत काय घडलं ते उलगडतं. भिंतीने होणारी घट इथे आड येत नाही, म्हणून महिन्याला दोन घटनांची वाट पाहावी लागत नाही. दुसरा फायदा असा की शलाकेची ऊर्जा न बदलता एकाच प्रयोगात सगळा पट्टा मिळतो.

२०१८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात ०.८ ते २.७ एमईव्हीचा पट्टा होता, आणि त्यात अनुस्पंदनांची रांग दिसली. त्या हिशेबाने काही तापमानांना कार्बन ज्वलनाचा दर पूर्वी मानलेल्या दराच्या पंचवीसपटीहून अधिक ठरत होता. कुठल्या वस्तुमानाचा तारा कार्बन पेटवू शकेल, न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावर तासन्तास चालणारे क्ष-किरणांचे महास्फोट कधी होतील, या प्रश्नांची उत्तरं या एका दरावर टेकलेली आहेत. अशी माहिती हाती येत असताना तिच्याकडे पाठ फिरवणं मला पटत नाही.

साशंक : पाठ मी फिरवत नाही. पण पुढच्याच वर्षी काय झालं तेही सांगा. २०१९ मध्ये अक्रम मुखामेदझानोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कातानियाच्या विश्लेषणात येणारे आणि जाणारे कण सरळ समतल लहरींसारखे मानले आहेत, म्हणजे त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण धरलेलंच नाही. ते धरलं तर कमी ऊर्जेच्या टोकाला उत्तर हजारपटीपर्यंत खाली येतं. हे गृहस्थ या पद्धतींचे विरोधक नव्हेत. अप्रत्यक्ष पद्धतींचा सैद्धांतिक पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागतं. कातानियाच्या गटाला ही दुरुस्ती मान्य नाही, हेही खरं.

विचार करा. प्रयोग तोच आहे, टिपलेले कण तेच आहेत, आलेख तोच आहे. सिद्धांत बदलला आणि उत्तर हजारपटीने हललं. मग प्रयोगाने नेमकं काय मोजलं? दहा टक्क्यांची चूक असती तर मी ती अनिश्चितता म्हणून सोडून दिली असती. हजारपट म्हणजे अनिश्चितता नव्हे. तिथे प्रयोगाचा वाटा लहान आणि सिद्धांताचा मोठा आहे, पण त्याला म्हणतात मात्र 'मोजमाप'. ताऱ्यांची गणितं करणारा माणूस कोष्टकातून आकडा उचलतो. त्या आकड्यामागे ड्यूटेरॉन किती निष्पाप प्रेक्षक होता यावरचा वाद आहे, हे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

उत्साही : हा घाव वर्मी बसतो, आणि तो मी नाकारणार नाही. कार्बन-कार्बनच्या बाबतीत आकाराचा, म्हणजे दर किती मोठा याचा प्रश्न आज सुटलेला नाही. तरी दोन गोष्टी उरतात. अनुस्पंदनं कुठल्या ऊर्जेला आहेत, ही माहिती त्या दुरुस्तीने पुसली जात नाही. थेट प्रयोग करणाऱ्याला कुठे वाट पाहायची हे त्यातून कळतं, आणि महिन्याला दोन घटनांच्या प्रदेशात हे कळणं फार मोलाचं असतं.

दुसरी गोष्ट तुमच्या बाजूला अधिक अडचणीची आहे. थेट मोजमापं कुठवर पोहोचली आहेत? २०२० मध्ये फ्रान्समधल्या स्टेला प्रयोगाने आणि अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठातल्या गटाने फार कौशल्याने मोजलं, तरी ते २.१-२.२ एमईव्हीच्या आसपास थांबले. फार जड ताऱ्यांसाठी ते जवळपास पुरतं. महास्फोटांसाठी १.५ एमईव्हीच्या परिसरातला दर हवा. मधलं अंतर कशाने भरणार? एक मत असं की खाली जाताना संमीलन अडखळतं आणि दर कोसळतो. दुसरं मत असं की तिथे अनुस्पंदनं आहेत आणि दर चढतो. या दोन मतांमधली तफावतही अनेक दशपटींची आहे. वरच्या ऊर्जेचं थेट मोजमाप घेऊन खाली रेघ ओढणं हीसुद्धा अप्रत्यक्ष पद्धतच आहे. तिच्यात त्या प्रदेशातला एकही प्रायोगिक बिंदू नसतो, एवढाच फरक.

आणि थेट म्हणवलेलं मोजमाप तरी पूर्ण थेट असतं का? प्रयोगशाळेतलं लक्ष्य अणूंचं बनलेलं असतं. अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन भिंत थोडी खाली ओढतात, त्यामुळे फार कमी ऊर्जेला दर फुगून दिसतो. ताऱ्यात अणू नसतात, आयनद्रायू असतो आणि तिथल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा परिणाम वेगळा असतो. म्हणजे प्रयोगातला इलेक्ट्रॉनांचा परिणाम वजा करायचा आणि ताऱ्यातला मिळवायचा. लिथियम आणि हेलियमच्या प्रयोगांत हा परिणाम सिद्धांताने घातलेल्या कमाल मर्यादेहूनही जास्त निघाला आहे. नागड्या केंद्रकाची अभिक्रिया दाखवणारी ट्रोजन हॉर्स पद्धत इथेच कामाला आली, कारण तिच्यात घटना भिंतीच्या आत घडते.

साशंक : इलेक्ट्रॉनांचा मुद्दा मान्य. थेट मोजमापाला मी सोवळ्यात बसवत नाही. पण त्यातल्या दुरुस्त्या थोड्या टक्क्यांच्या असतात आणि कुठे बसतात ते आपल्याला दिसतं. रेघ ओढण्याचा मुद्दाही मान्य, आणि म्हणून रेघ ओढणाऱ्यांनीही तिला मोजमाप म्हणू नये असं मी पहिल्यापासून म्हणतो आहे.

मला उत्तर हवं आहे ते वेगळ्या प्रश्नाचं. अप्रत्यक्ष पद्धत बरोबर आहे हे कसं ओळखायचं? तुम्ही म्हणाल, थेट उत्तराशी ताडून. मग बोरॉन-८ चं उदाहरण पाहू. बेरिलियम-७ वर प्रोटॉन बसून बोरॉन-८ होतो, आणि त्याच्या ऱ्हासातले न्यूट्रिनो जपानमध्ये सुपर-कामिओकांडेने आणि कॅनडात सडबरीच्या प्रयोगाने टिपले. जपानमधल्या रिकेन संस्थेत आणि नंतर जर्मनीत जीएसआयमध्ये उलट प्रयोग झाला. वेगवान बोरॉन-८ शिशाच्या केंद्रकाजवळून नेला की शिशाचं विद्युत क्षेत्र प्रकाशकणांच्या माऱ्यासारखं काम करतं आणि बोरॉन फुटून बेरिलियम आणि प्रोटॉन वेगळे होतात. त्यावरून जोडणीचा दर काढायचा. सुरुवातीची उत्तरं थेट प्रयोगांपेक्षा कमी आली. सिअॅटलच्या काटेकोर थेट प्रयोगाशी तर चांगलाच फरक राहिला. मग विश्लेषण सुधारलं आणि फरक बराच मिटला. पण कधी मिटला? थेट उत्तर माहीत झाल्यावर. परीक्षेची उत्तरपत्रिका समोर ठेवून केलेल्या दुरुस्तीला मी पडताळा मानू शकत नाही, ती कितीही प्रामाणिक असो.

उत्साही : मग उत्तर आधी सांगितलेलं उदाहरण देतो. नायट्रोजन-१४ वर प्रोटॉन बसून ऑक्सिजन-१५ होतो. कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्रातला हा सगळ्यात संथ टप्पा, म्हणून सगळं चक्र याच्या चालीने चालतं. सूर्यात या चक्राचा वाटा एखादाच टक्का आहे, पण जड आणि म्हाताऱ्या ताऱ्यांत तेच मुख्य. जुना दर वरच्या ऊर्जेवरून खाली ओढलेला होता. २००१ मध्ये ऑक्सिजन-१५ मधल्या ६.७९ एमईव्हीच्या पातळीचं आयुर्मान मोजलं गेलं. अभिक्रिया न घडवता, फक्त ती पातळी किती काळ टिकते हे पाहिलं. ही पातळी उंबरठ्याच्या खाली आहे, म्हणजे ताऱ्यातली अभिक्रिया तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तिचं शेपूट मात्र वर पसरलेलं असतं. त्या आयुर्मानावरून आणि जुन्या माहितीच्या फेरतपासणीवरून दिसलं की या शेपटाचा वाटा फार मोठा धरला गेला होता. लूनाचा थेट निकाल त्यानंतर, २००४ मध्ये आला आणि दर जवळपास निम्मा ठरला. गोलाकार तारकागुच्छांचं वय त्यामुळे ७० ते १०० कोटी वर्षांनी वाढलं. विश्वातल्या सर्वांत जुन्या ताऱ्यांचं वय एका केंद्रकाच्या पातळीच्या आयुर्मानावर हलतं, हे मला आजही थक्क करतं.

साशंक : हे उदाहरण चांगलं आहे, आणि त्यात सिद्धांताचं ओझं हलकं आहे हेही लक्षात घ्या. आयुर्मान हा त्याच अभिक्रियेच्या गणितातला एक आकडा. पुन्हा विहीर आणि दगड. मी जिथे अडतो तो प्रश्न कार्बन आणि हेलियमपासून ऑक्सिजन होण्याचा. त्याविषयी तुम्ही अजून बोलला नाहीत.

उत्साही : ते मुद्दाम शेवटाकडे ठेवलं होतं, कारण सगळा विषय तिथे एकवटतो. ताऱ्यात हेलियम जळून कार्बन होतो आणि त्यातल्या काही कार्बनवर आणखी एक हेलियम बसून ऑक्सिजन-१६ होतो. विश्वात कार्बन किती आणि ऑक्सिजन किती हे या दोन दरांच्या चढाओढीवर ठरतं, आणि जड ताऱ्याचा पुढचा सगळा प्रवास त्या गुणोत्तरावर. ताऱ्यात ही अभिक्रिया ३०० केईव्हीच्या आसपास घडते. तिथला काटछेद, म्हणजे अभिक्रिया घडण्याच्या शक्यतेचं माप, एका बार्नच्या (हे त्याचं एकक) एकावर सतरा शून्यं इतक्याव्या हिश्श्याच्या घरात आहे. थेट मोजमापं साधारण १ एमईव्हीला थांबतात, आणि तिथून ३०० केईव्हीपर्यंत शक्यता लाखो पटींनी पडते. शिवाय या खिडकीत एकही अनुस्पंदन नाही. आहेत ती उंबरठ्याखालच्या दोन पातळ्यांची शेपटं. एक उंबरठ्याच्या ४५ केईव्ही खाली, दुसरी २४५ केईव्ही खाली. वर एक रुंद पातळी आहे, आणि ही शेपटं एकमेकांत मिळतात की एकमेकांना कापतात यावर उत्तर अवलंबून.

इथे अप्रत्यक्ष प्रयोगांनी काय केलं ते पाहा. नायट्रोजन-१६ सात सेकंदांच्या अर्धायुष्याने ऑक्सिजन-१६ मध्ये बदलतो आणि लाखात एखाद्या वेळी अल्फा कण सोडतो. १९९० च्या दशकात कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत आणि येलला त्या अल्फा कणांची ऊर्जा मोजली गेली, आणि ४५ केईव्ही खालच्या पातळीचं शेपूट पहिल्यांदा नीट पकडलं गेलं. १९९९ मध्ये दुसऱ्या गटाने लिथियममधला अल्फा कार्बनला देऊन याच दोन पातळ्या भरल्या. ऊर्जा इतकी कमी ठेवली की दोन्ही केंद्रकं एकमेकांना स्पर्श न करता दुरूनच देवघेव करतील. स्पर्श नाही म्हणजे केंद्रकीय बलांच्या तपशिलांचा सिद्धांत फारसा लागत नाही. २०१७ मध्ये सगळी माहिती एकत्र करून काढलेल्या दराची अनिश्चितता सुमारे १५ टक्के सांगितली गेली. एक रस्ता ऱ्हासाचा, एक देवघेवीचा, एक थेट मोजमापाचा. तिन्ही एका जागी येतात.

साशंक : तिन्ही एका जागी येतात, कारण तिन्ही एकाच गणितात ओतले जातात. आर-मॅट्रिक्स नावाची ती चौकट. केंद्रकाची त्रिज्या किती धरायची, दूरच्या पातळ्यांसाठी काय मानायचं, चिन्हं कोणती घ्यायची, हे निर्णय तिन्हींसाठी सामाईक असतात. रस्ते तीन असले तरी पूल एकच आहे. पुलात खोट असेल तर तिघेही एकत्रच चुकतील आणि चुकताना एकमेकांशी सहमत दिसतील. शिवाय नायट्रोजन-१६ चा ऱ्हास दोन शेपटांपैकी एकावरच प्रकाश टाकतो. दुसऱ्यासाठी देवघेवीवरच बरीचशी भिस्त राहते. १५ टक्के हा आकडा मला चौकटीच्या आतली अनिश्चितता वाटतो.

उत्साही : चौकट सामाईक आहे हे खरं, पण तिच्यात घातलेल्या चुका सामाईक नाहीत. अल्फा टिपणाऱ्या यंत्रातली चूक आणि गॅमा मोजणाऱ्या यंत्रातली चूक यांचा एकमेकांशी संबंध नाही. त्रिज्येवर उत्तर फारसं हलत नाही ना हे तपासूनही पाहतात.

आणि अशा काही अभिक्रिया आहेत जिथे धीर धरूनही काही हाती येणार नाही. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेत सोनं आणि युरेनियम घडतात तेव्हा ज्या केंद्रकांवर न्यूट्रॉन बसतात ती सेकंदभरही टिकत नाहीत. त्यांचं लक्ष्य बनवता येत नाही, आणि न्यूट्रॉनचं लक्ष्य तर मुळातच नसतं. तिथे पर्यायी अभिक्रिया हाच मार्ग. आपल्याकडेही हा मार्ग चोखाळला गेला आहे. मुंबईत कुलाब्याच्या पेलेट्रॉन त्वरकावर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी प्रोटॅक्टिनियम-२३३ च्या न्यूट्रॉनने होणाऱ्या विखंडनाचा दर असाच काढला. २७ दिवस अर्धायुष्य असलेल्या प्रोटॅक्टिनियमऐवजी थोरियमवर लिथियमची शलाका सोडून तेच संयुक्त केंद्रक बनवलं. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तो प्रश्न थोरियम अणुभट्टीचा होता, पण युक्ती ताऱ्यांसाठी वापरतात तीच.

साशंक : तिथली अटही सांगा. न्यूट्रॉनने बनलेलं केंद्रक आणि लिथियमने बनलेलं केंद्रक ऊर्जेने सारखं असलं तरी फिरकीने सारखं नसतं. विखंडनात, ऊर्जा जास्त असताना तो फरक बऱ्याच अंशी झाकला जातो. न्यूट्रॉन पकडून गॅमा सोडणाऱ्या अभिक्रियेत, जी ताऱ्यांसाठी खरी महत्त्वाची, तो फरक उत्तर कित्येक पटींनी बिघडवू शकतो. पण इथे मी एक पाऊल मागे येतो. जिथे दुसरा रस्ता नाही तिथे हा रस्ता धरलाच पाहिजे. माझं म्हणणं आता एवढंच उरतं की उत्तराबरोबर रस्त्याचंही नाव सांगा.

उत्साही : ते मला मान्य आहे. पण ऑक्सिजनच्या दरासाठी आणखी एक साक्षीदार पुढे आला आहे, आणि तो तुमच्या आर-मॅट्रिक्सच्या पुलावरून येत नाही. २१ मे २०१९ रोजी गुरुत्वीय लहरींतून दोन कृष्णविवरांची धडक ऐकू आली. एक सुमारे ८५ सूर्यांच्या वस्तुमानाचं, दुसरं ६६ च्या. फार जड ताऱ्यांच्या गाभ्यात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या तयार होऊ लागतात, दाब कमी पडतो आणि तारा पूर्ण उधळला जातो, मागे काहीच उरत नाही. म्हणून साधारण ५० पासून १२०-१३० सूर्यांपर्यंत कृष्णविवरांची दरी असावी असा अंदाज होता. ही दरी कुठे सुरू होते ते गाभ्यातल्या कार्बन-ऑक्सिजनच्या प्रमाणावर ठरतं. हेलियम-कार्बन दर कमी धरला तर कार्बन जास्त उरतो आणि दरीची कडा वर सरकते. म्हणजे कृष्णविवरांची पुरेशी मोठी यादी हाती आली की कडा दिसेल, आणि कडेवरून दर काढता येईल. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. प्रयोगशाळेत न मोजता आलेल्या अभिक्रियेचा दर काढण्यात मराठवाड्यातल्या त्या यंत्राचा वाटा असू शकेल.

साशंक : वेधशाळा उभी राहावी असं मलाही मनापासून वाटतं. पण या युक्तिवादाची मला सर्वांत जास्त भीती वाटते. आजवर आपण केंद्रकाचा दर घेऊन तारा समजून घेत होतो. आता तारा घेऊन दर काढणार. उद्या कोणी तोच दर वापरून तेच तारे समजावून सांगितले तर ते वर्तुळ झालं. शिवाय ८५ सूर्यांचं कृष्णविवर आधीच्या दोन लहान कृष्णविवरांच्या विलीनीकरणातूनही जन्मलेलं असू शकतं. ताऱ्याचं फिरणं, वस्तुमान गमावणं, आतलं घुसळणं, यांतलं काहीही थोडं वेगळं निघालं तर कडा सरकेल आणि दोष मात्र केंद्रकाच्या दरावर येईल. प्रयोगशाळेत निदान एका वेळी एकच गोष्ट बदलता येते.

उत्साही : वर्तुळाचा धोका खरा आहे. तो टाळायचा तर कृष्णविवरांवरून काढलेला दर वेगळ्या खात्यावर ठेवावा लागेल आणि प्रयोगशाळेतल्या दराशी न मिसळता ताडून पाहावा लागेल. दोन्ही जुळले तर दोन्ही बळकट होतील. जुळले नाहीत तर एक तर तारा आपल्याला समजलेला नाही किंवा केंद्रक समजलेलं नाही, आणि यातलं कुठलंही कळणं मला हवंच आहे. मिसळून सरासरी काढली तर हे कधीच कळणार नाही.

साशंक : मग आपला वाद थोडा सरकला. थेट की अप्रत्यक्ष, हा प्रश्न मी सुरुवातीला जितका मोठा मानला तितका तो नाही. प्रत्येक दरासाठी विचारायचं ते असं : यातलं किती प्रयोगातून आलं, किती सिद्धांतातून, आणि तो सिद्धांत चुकीचा ठरवू शकेल असा दुसरा प्रयोग आहे का. नायट्रोजन-१४ साठी आहे. हॉइल पातळीसाठी आहे. हेलियम-कार्बनसाठी अर्धवट आहे. कार्बन-कार्बनसाठी १.५ एमईव्हीजवळ आज नाही.

उत्साही : तिथेही तो येईल. ग्रान सास्सोच्या डोंगराखाली ३.५ दशलक्ष व्होल्टचा नवा त्वरक २०२३ मध्ये सुरू झाला आहे. तो कार्बनचीही शलाका देतो आणि कार्बन-कार्बन अभिक्रिया त्याच्या कार्यक्रमात आहे. कातानियाच्या गटाने दाखवलेली अनुस्पंदनं खरी असतील तर ती तिथे दिसायला हवीत. दरावर मी आज पैज लावणार नाही, पण जागांवर लावीन.

साशंक : आणि मला वाटतं की जागाही थोड्या हलतील. पण हे आपण उत्तर येण्याआधी बोललो, ही चांगली गोष्ट झाली. तोवर ताऱ्यांची गणितं करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. कार्बन ज्वलनाच्या दरापुढे एकच आकडा छापू नका. कातानियाचा एक आणि प्रतिकर्षण धरून दुरुस्त केलेला दुसरा, असे दोन्ही छापा, आणि तुमचा तारा दोन्हींनी चालवून काय होतं ते वाचकाला दाखवा.